डॉक्टर होणाऱ्यांना पेशंटशी बोलायला शिकवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी महाराष्ट्रातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन शिकवते. पेशंटशी कसं बोलायचं, कसं ऐकायचं, हे एमबीबीएसच्या मुलांना शिकवण्याचं कामही माझ्याकडे आहे. दर वर्षी नवी बॅच आली की तेच ते प्रश्न येतात. मुलं विचारतात, त्यांचे आईवडील विचारतात, नव्याने रुजू झालेले सहकारी विचारतात. उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हे पान. काही उत्तरं लांबली आहेत. तिथं सांगण्यासारखं जास्त होतं.

बोलायला काय शिकवायचं? ते तर प्रत्येकालाच येतं.

गप्पा मारता येणं वेगळं आणि हिस्टरी घेता येणं, म्हणजे आजाराची सगळी हकीकत विचारून काढता येणं, वेगळं. एसटीत शेजारी बसलेल्या माणसाशी आपण तासभर बोलतो, पण त्या बोलण्यावर कुणाचं निदान अवलंबून नसतं. १९७५ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी ओपीडीत आलेल्या ८० नव्या पेशंटचा अभ्यास केला. रेफर करणाऱ्या डॉक्टरचं पत्र वाचून आणि फक्त हिस्टरी घेऊन त्यांनी जे निदान केलं, तेच ६६ जणांच्या बाबतीत शेवटपर्यंत कायम राहिलं. तपासणी आणि लॅबमुळे निदान बदललं ते थोड्यांचंच. आज एमआरआय आहे, टू-डी इको आहे, पण कुणाला कुठल्या तपासणीला पाठवायचं हे अजूनही पेशंटच्या तोंडून कळतं.

आपल्याकडे वैद्यकात दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी तीन प्रकारची परीक्षा सांगितलेली आहे. विचारणं हे तेव्हापासून तपासणीचाच भाग मानलं गेलंय. स्टेथोस्कोप कानाला लावून कुणी मर्मर, म्हणजे हृदयातला वेगळा आवाज, ओळखायला आपोआप शिकत नाही. दहा हृदयं ऐकावी लागतात आणि शेजारी उभं राहून कुणीतरी चूक दाखवावी लागते. पेशंटशी बोलणंही तसंच शिकावं लागतं.

हे खरंच अभ्यासक्रमात आहे, की एखाद-दुसरं व्याख्यान असतं?

अभ्यासक्रमात आहे. तेव्हाच्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने २०१८ मध्ये ‘एटकॉम’ची पुस्तिका काढली. वृत्ती, नीतिमूल्यं आणि संवाद या तिन्हींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव आलं. ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या बॅचपासून क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम लागू झाला आणि त्यासोबत एटकॉम सगळ्यांना अनिवार्य झालं. पुस्तिकेत एकूण २७ मॉड्यूल आहेत. पहिल्या वर्षाला ५, दुसऱ्याला ८, तिसऱ्याच्या पहिल्या भागाला ५ आणि दुसऱ्या भागाला ९. सप्टेंबर २०२० मध्ये कौन्सिलच्या जागी राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला, नियमांत आणि तासांत बदल झाले, पण एटकॉम राहिलं.

पहिल्या वर्षाचे विषय बघितले तरी दिशा कळते : डॉक्टर असणं म्हणजे काय, पेशंट असणं म्हणजे काय, या दोघांचं नातं, संवादाचा पाया, आणि शवविच्छेदनातला देह हा आपला पहिला गुरू. शेवटचा विषय मला फार मोलाचा वाटतो. जो माणूस बोलू शकत नाही, ज्याचं नाव मुलांना कधी कळणार नाही, त्याच्याशी आदराने वागायला शिकलेलं मूल पुढे बेशुद्ध पेशंटच्या खाटेशीही जपून बोलतं.

माझी मुलगी मुळातच अबोल आहे. तिला हे जमेल का?

दर वर्षी एक तरी आई हे विचारते. जमेल. अबोल मुलं ऐकतात चांगलं, आणि या कामात अर्ध्याहून जास्त वाटा ऐकण्याचाच आहे. मला जास्त कष्ट पडतात ते वक्तृत्व स्पर्धा गाजवून आलेल्या मुलांवर. पेशंटचं वाक्य संपायच्या आत त्यांचं पुढचं वाक्य तयार असतं. तुमच्या मुलीला फक्त तीन-चार सुरुवातीची वाक्यं पाठ करायला सांगा : नमस्कार करून स्वतःचं नाव सांगणं, आपण विद्यार्थी आहोत हे सांगणं, ‘थोडं बोललं तर चालेल का’ विचारणं, आणि ‘काय त्रास होतोय?’ म्हणून थांबणं. पुढचं पेशंट बोलतो.

शिकवतात कसं? व्याख्यानाने हे येईल असं वाटत नाही.

व्याख्यानाने येत नाहीच. आमची पद्धत अशी असते. सहा-आठ मुलांचा गट. एक डॉक्टर होतो, एक पेशंट, बाकीचे बघतात. दहा मिनिटांचा प्रसंग. मग आधी डॉक्टर झालेल्याने स्वतःबद्दल बोलायचं, मग पेशंट झालेल्याने सांगायचं की त्याला आतून काय वाटलं, आणि त्यानंतर बघणाऱ्यांनी. शेरे नेमके हवेत. ‘छान केलंस’ याने कुणी शिकत नाही. ‘ते बायकोबद्दल बोलायला लागले तेव्हा तू फाइलकडे बघितलंस’ याने शिकतं.

पेशंटची भूमिका शिकवून एखाद्याला वर्गात आणायचं, ही कल्पना १९६३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाने पहिल्यांदा वापरली. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथे रोनाल्ड हार्डन आणि सहकाऱ्यांनी ‘ऑस्की’ परीक्षा मांडली. मुलं ठरावीक मिनिटांनी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातात, आणि प्रत्येक टेबलावर एक कौशल्य तपासलं जातं. आज आपल्याकडे ऑस्कीत बीपी मोजण्याच्या टेबलाशेजारी ‘या आईला बाळाच्या जुलाबासाठी ओआरएस कसं द्यायचं ते समजावून सांगा’ असंही टेबल असतं. मला ते टेबल सगळ्यात आवडतं. पाणी उकळलेलं हवं का, पुडी एका लिटरला की एका ग्लासला, केलेलं पाणी किती वेळ चालतं, उलटी झाली तर काय करायचं, हे सगळं तीन मिनिटांत, बाई घाबरलेली असताना सांगायचं असतं. भल्याभल्या गुणवत्ता यादीतल्या मुलांना तिथं घाम फुटतो.

पेशंटला बोलू दिलं तर ओपीडी संपायची कधी?

हा प्रश्न मला रास्त वाटतो. दुपारी एक वाजता बाहेर साठ माणसं उभी असतात, हे मी रोज बघते. २०१७ मध्ये ६७ देशांतल्या माहितीवरून एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात डॉक्टरच्या एका भेटीचा सरासरी वेळ बांगलादेशात ४८ सेकंद, तर स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं होता. आपण कुठल्या टोकाला आहोत हे वेगळं सांगायला नको.

तरीही दोन अभ्यास मी मुलांना सांगतेच. १९८४ मध्ये अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी ७४ भेटींचं ध्वनिमुद्रण तपासलं. पेशंटने बोलायला सुरुवात केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्ये बोलले होते. दुसरा अभ्यास स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचा, २००२ चा. तिथं डॉक्टरांना सांगितलं होतं की ३३५ पेशंटना मध्ये न तोडता बोलू द्या आणि गुपचूप वेळ मोजा. लोक सरासरी ९२ सेकंद बोलले. दोन मिनिटांच्या आत ७८ टक्के पेशंटचं सांगून झालं होतं.

म्हणजे आपण ज्याला घाबरतो ते रामायण दीड मिनिटाचं असतं. ते ऐकलं की पुढचे वीस उलटसुलट प्रश्न वाचतात. आणि पेशंट दारापर्यंत जाऊन ‘अजून एक सांगायचं राहिलं’ म्हणून परत येतो, तेही कमी होतं. त्या राहिलेल्यातच पुष्कळदा खरा आजार असतो. गर्दीच्या दिवशी सगळ्यांना दीड मिनिट देता येणार नाही, मान्य. नव्या पेशंटला द्या, आणि जो तिसऱ्यांदा तीच तक्रार घेऊन आलाय त्याला द्या.

पेशंट नेमकं सांगतच नाहीत. ‘पित्त झालंय’, ‘अंगात बरं वाटत नाही’. याचं काय करायचं?

नेमकं सांगतात, पण त्यांच्या शब्दांत. ते शब्द शिकणं आपलं काम. मराठीत दुखण्याला जितके शब्द आहेत तितके मला इंग्रजी पाठ्यपुस्तकात सापडले नाहीत. कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, सल राहतो, आवळून येतं, टोचतं, चावतं, जळजळतं. ‘चमक’ म्हणणारा आणि ‘ठणका’ म्हणणारा यांचं दुखणं एक नसतं. चमक नसेकडे बोट दाखवते आणि ठणका बऱ्याचदा पू झालेल्या जागेकडे. मुलं मात्र केसपेपरवर दोन्हीकडे ‘पेन’ एवढंच लिहितात, आणि पेशंटने हातात ठेवलेलं निदान तिथंच सांडतं.

‘पित्त’ हा शब्द तर फार सांभाळून ऐकावा. पित्त म्हणजे कुणाला आंबट ढेकर, कुणाला अर्धं डोकं दुखणं, कुणाला अंगावर उठणाऱ्या गांधी, आणि एखाद्या पन्नाशीच्या माणसाला पहाटे छातीत भरून येऊन फुटलेला घाम. हा शेवटचा माणूस घरी सोडा पिऊन, ओवा खाऊन मग आपल्याकडे येतो आणि ‘पित्तच आहे’ असं ठामपणे सांगतो. ‘पित्त म्हणजे नक्की काय होतं, हाताने दाखवा बरं’ असं विचारलं, आणि त्याने मूठ छातीच्या मध्यावर ठेवली, तर पुढचं काम ईसीजीचं.

‘अंगावर काढलं’ हे दुसरं. किती दिवस काढलं, का काढलं? मजुरी बुडेल म्हणून, सोयाबीनची काढणी होती म्हणून, की घरात सांगायची सोय नव्हती म्हणून? ‘इतके दिवस काय झोपला होतात का?’ असं विचारलं की यातलं काहीच कळत नाही, आणि तो माणूस पुढच्या वेळी आणखी उशिरा येतो.

मुलांना मी तीन प्रश्न देते आणि ते पेशंटच्या बोलीत विचारायला लावते : तुम्हाला स्वतःला काय वाटतं, हे कशामुळे झालं असेल? यातल्या कशाची जास्त धास्ती वाटते? आज इथे येऊन काय व्हावं असं मनात होतं? तिसऱ्या प्रश्नाला कधी ‘एक सलाईन लावा’ असं उत्तर येतं. येऊ द्या. मनातलं कळल्याशिवाय सलाईन का नको हे समजावता येत नाही.

पेशंटला काय म्हणून हाक मारावी? सगळ्यांना ‘अहो’ म्हणायचंच का?

म्हणायचंच. यावर मी ताठर आहे. मराठीत आदर क्रियापदात असतो. ‘झोप’, ‘झोपा’ आणि ‘झोपता का जरा’ यांत माणसाची किंमत ठरते. आणि मी वर्षानुवर्षं बघतेय की हे क्रियापद पेशंटच्या कपड्यांवरून बदलतं. घडीची साडी नेसलेल्या बाईंना ‘मॅडम, जरा इकडे वळता का’, आणि कामावरून तशीच आलेल्या, पायाला माती लागलेल्या बाईला ‘ए, वळ तिकडे’. बोलणारा मुलगा दुष्ट नसतो. त्याने सीनियरचं ऐकलेलं असतं.

वयाने मोठ्यांना काका, मावशी, मामा, आजी, आजोबा, बरोबरीच्यांना दादा, ताई. हे आपल्याकडे सहज चालतं आणि ऐकणाऱ्याला बरं वाटतं. पण एकदा तरी नावाने बोलवा. नाव विचारून ‘शांताबाई’ म्हटलं की त्या आपल्याकडे बघतात, ‘आजी’ म्हटल्यावर वॉर्डातल्या चार आज्या बघतात. औषध चुकीच्या खाटेवर जाऊ नये म्हणूनही नाव हवं. लहान मुलांशी अरे-तुरे करा, तिथं तेच शोभतं. ‘खाट नंबर सात’ असं माणसासमोर कधीही म्हणू नका, आणि ‘सातवरचा लिव्हर’ तर नकोच.

आम्ही महाराष्ट्राबाहेरून आलोय. मराठी येत नाही. काय करावं?

शासकीय महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात, त्यामुळे प्रत्येक बॅचमध्ये तुमच्यासारखे असतात. सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेचे तास ठेवलेले आहेत. ते बुडवू नका. व्याकरण मागाहून येईल. आधी अवयवांची नावं, दुखण्याचे शब्द, आकडे, वेळ सांगणं, लघवी-संडास-पाळीचे साधे शब्द, आणि ‘घाबरू नका, मी आहे इथं’ हे वाक्य. चुकीचं मराठी बोलणाऱ्या इंटर्नवर पेशंट किती जीव लावतात, हे तुम्हीच अनुभवाल.

मराठी येणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. पुण्याचा मुलगा धुळ्याला गेला की अहिराणी त्याच्या डोक्यावरून जाते. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, नंदुरबारच्या डोंगरात भिलीच्या बोली, आणि गोव्यात बांबोळीला पेशंट कोकणीत बोलतो. अशा वेळी वॉर्डातल्या मावशींना, आशाताईंना दुभाषी म्हणून शेजारी उभं करा आणि पेशंटकडे बघून पेशंटशीच बोला. आईची पाळी, गर्भपात, नवऱ्याचं दारू पिणं हे तिच्या दहा वर्षांच्या मुलाकडून भाषांतर करून घेऊ नका. ती खरं सांगणार नाही, आणि मुलाने ते ऐकायला नको.

बायका त्यांच्या खास तक्रारी सांगत नाहीत, विशेषतः मुलग्यांना. मग हिस्टरी पुरी कशी होणार?

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला. त्यातल्या फारच थोड्या जणींनी आधी कधी उपचार घेतले होते. दुखणं होतं आणि विचारणारं कुणी नव्हतं, असा याचा अर्थ मी घेते.

विचारताना पडदा हवा, सासू आणि नवरा पाच मिनिटं बाहेर हवेत, शक्यतो सिस्टर शेजारी हव्यात. आणि आधी कारण सांगावं : ‘कंबर दुखते म्हणालात, त्याचा कधी कधी पाळीशी संबंध असतो, म्हणून विचारते.’ मग ‘अंगावरून पांढरं जातं का?’ असं सरळ, तिच्या शब्दांत. विचारणारा लाजला की सांगणारी गप्प होते.

वाईट बातमी कशी सांगायची?

मी रेसिडेंट, म्हणजे निवासी डॉक्टर, होते तेव्हाची गोष्ट सांगते. रात्री तीनच्या सुमारास एका पेशंटचा मृत्यू झाला. मुलगा खालून औषधं घेऊन जिन्याने वर येत होता. मी जिन्यातच, हातात फाइल धरून त्याला म्हणाले, ‘बाबा गेले.’ तो म्हणाला, ‘कुठं नेलं? आयसीयूत का?’ त्याच्या हातात औषधांची पिशवी होती आणि तो दमलेला होता. मला तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागलं, आणि दुसऱ्या वेळी माझा आवाज निघाला नाही. कुणी शिकवलं नव्हतं, हे खरं. पण त्या मुलाला त्याच्या वडिलांची बातमी जिन्यात मिळाली, हेही तितकंच खरं, आणि ते आता बदलत नाही.

म्हणून मी ‘गेले’ हा शब्द वापरू देत नाही. ‘वारले’ म्हणा, ‘त्यांचा मृत्यू झाला’ म्हणा.

शिकवण्यासाठी २००० साली मांडलेली सहा पायऱ्यांची एक पद्धत जगभर वापरतात. बेली आणि बकमन या कर्करोगाच्या पेशंटबरोबर काम करणाऱ्या डॉक्टरांची ती. आधी जागा बघा : बसायला खुर्ची, दार लावलेलं, मोबाइल बंद. मग त्यांना आतापर्यंत काय कळलंय ते विचारा. किती जाणून घ्यायचंय ते विचारा. मग सांगा, सोप्या शब्दांत, थोडं थोडं. मग जे उसळेल त्याच्यासाठी थांबा. शेवटी पुढे काय करायचं ते ठरवा. या पायऱ्यांची इंग्रजी आद्याक्षरं पाठ करून मुलं परीक्षेत पूर्ण गुण घेतात, आणि पाचव्या पायरीवर नेमकी घसरतात. माणूस रडायला लागला की ती घाईने केमोथेरपीबद्दल बोलायला लागतात, कारण समोरचं रडणं सोसवत नाही. तिथं बोलू नका. पाण्याचा ग्लास पुढे करा आणि बसून राहा. एक मिनिट फार मोठं वाटतं, पण ते त्यांचं असतं.

सांगण्याआधी एक वाक्य टाकावं : ‘रिपोर्ट आलाय, आणि तो आपल्याला हवा होता तसा नाही.’ ऐकणाऱ्याला पाय रोवायला तेवढा वेळ मिळतो.

नातेवाईक म्हणतात, ‘पेशंटला काही सांगू नका’. ऐकायचं का?

परदेशी पुस्तकं इथं पुरत नाहीत. तिथं पेशंट एकटा येतो, आपल्याकडे घर येतं. मोठा मुलगा केबिनमध्ये आधी एकटा शिरतो आणि हात जोडून म्हणतो, ‘डॉक्टर, आईला कॅन्सर आहे हे कळलं तर ती हाय खाईल.’ तो खोटं बोलत नाही, त्याचं प्रेमच आहे. त्याला ‘पेशंटचा हक्क आहे’ असा नियम ऐकवला तर तो आईला घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जाईल.

मी त्याला बसवते. त्याला कशाची भीती वाटते ते विचारते. मग सांगते की मी स्वतःहून काही सांगायला जाणार नाही, पण आईंनी मला विचारलं तर खोटं बोलणार नाही. आणि त्यांना एकदा विचारू द्या की त्यांना किती माहिती हवी आहे. मग सगळ्यांसमोर आईंनाच विचारते : ‘तुमच्या आजाराबद्दल सगळं तुम्हाला सांगू, की मुलाशी बोललं तर चालेल?’ काही जणी म्हणतात, ‘त्यालाच सांगा, मला त्यातलं कळत नाही.’ तो त्यांचा निर्णय, तोही मानायचा. पण पुष्कळ जणी मुलगा बाहेर गेला की हळूच म्हणतात, ‘मला ठाऊक आहे हो. पोराला कळू देऊ नका मला ठाऊक आहे ते.’ एकाच घरात दोघं एकमेकांपासून लपवत एकेकटे रडत असतात. त्या दोघांना एका खोलीत आणून बसवणं हे औषधोपचाराइतकंच डॉक्टरचं काम आहे, असं मला मनापासून वाटतं.

संमतीपत्रावर सही घेतली की झालं ना?

नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या एका निकालात स्पष्ट केलं की तपासणीसाठी दिलेली संमती ही शस्त्रक्रियेची संमती होत नाही, आणि संमतीआधी पेशंटला पुरेशी माहिती द्यावी लागते : काय करणार, का, धोका काय, दुसरा मार्ग कोणता, न केल्यास काय होईल. सही घेणारा इंटर्न असतो आणि त्याला यातलं पुष्कळसं स्वतःलाच माहीत नसतं. ज्याला समजावता येत नाही त्याने सही घ्यायला जाऊ नये, सीनियरला बोलवावं.

समजावून सांगितलं तरी पेशंट औषधं चुकीची घेतात. दोष कुणाचा?

‘समजलं ना?’ असं विचारलं की प्रत्येक पेशंट मान हलवतो. मान हलवणं म्हणजे ‘आता सोडा मला’. त्याऐवजी असं विचारा : ‘घरी गेल्यावर सूनबाईंनी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले, तर काय सांगाल?’ त्यांच्या उत्तरात आपण कुठे कमी पडलो ते दिसतं.

एक उदाहरण दर श्रावणात आणि नवरात्रात हमखास येतं. मधुमेहाच्या गोळ्या ‘जेवणाआधी’ लिहिलेल्या असतात. उपवासाच्या दिवशी जेवण नाही, म्हणून एक बाई गोळी सोडतात आणि दिवसभर साबुदाण्याची खिचडी, बटाटा, राजगिऱ्याचे लाडू खातात. साखर चारशेवर. दुसऱ्या बाई निर्जळी उपवास करून गोळी मात्र नेमाने घेतात, आणि साखर उतरून देवघरात बेशुद्ध पडतात. दोघींनी डॉक्टरचंच ऐकलं होतं. ‘तुम्ही उपवास कोणकोणते करता?’ हा प्रश्न मधुमेहाच्या प्रत्येक मराठी पेशंटला विचारायला हवा, तोही ‘उपवास सोडा’ असं न म्हणता.

हे सगळं शिकून डॉक्टरांना होणारी मारहाण थांबेल का?

सगळी थांबणार नाही. महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे. डॉक्टर, कर्मचारी किंवा रुग्णालयावर हल्ला केल्यास ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खाटा कमी, औषधं बाहेरून आणायची, एका खाटेमागे दहा नातेवाईक, सुरक्षारक्षक अपुरे, या गोष्टी गोड बोलून सुटत नाहीत. आणि मार खाल्लेल्या रेसिडेंटला ‘तुझंच बोलणं चुकलं असेल’ म्हणणं हा अन्याय आहे.

तरी एवढं खरं : अत्यवस्थ पेशंटचे नातेवाईक चिडतात ते बहुधा तासन्‌तास कुणी काही न सांगितल्यामुळे. दर दोन तासांनी कुणीतरी बाहेर येऊन दोन वाक्यं सांगावीत, सांगण्यासारखं नवीन नसलं तरीही. ‘अजून तसंच आहे, आम्ही जवळच आहोत.’ आणि घरातला एक माणूस ठरवून घ्यावा, ज्याच्याशीच बोलायचं. आवाज चढले, दारू प्यायलेलं कुणी असेल, तर मुलांनी शूर होऊ नये. मागे दार असेल अशा जागी उभं राहावं आणि सुरक्षारक्षकांना बोलवावं.

आमच्या हातून चूक झाली तर पेशंटला सांगायचं?

आधी सीनियरला, लगेच. मग सीनियरसोबत पेशंटला. काय झालं, त्यावर आत्ता काय करतोय, आणि मला वाईट वाटतंय, या क्रमाने. केसपेपरवर खाडाखोड कधीही करू नये.

हे अनुभवाने येतंच की. वेगळं शिकवायची गरज काय?

२००२ मध्ये ब्रिटनमधल्या ३४ केंद्रांतल्या १६० कर्करोगतज्ज्ञांवर अभ्यास झाला. ही सगळी अनुभवी माणसं. त्यांतल्या ज्यांनी तीन दिवसांचं निवासी प्रशिक्षण घेतलं, त्यांचं पेशंटशी बोलणं मोजण्याइतकं सुधारलं. नुसत्या अनुभवाने आधीच्याच सवयी घट्ट होतात.

उलट बाजूही सांगते. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलांचा अभ्यास २००९ मध्ये आला. त्यात तिसऱ्या वर्षात, म्हणजे मुलं वॉर्डात जायला लागतात नेमकी तेव्हा, त्यांची सहानुभूती घसरलेली दिसली. आपल्याकडेही मी हे बघते. वर्गात आम्ही ‘अहो’ शिकवतो आणि राऊंडला कुणीतरी पेशंटसमोरच इंग्रजीत त्याच्या मरणाबद्दल बोलतं. मुलं वर्गातलं विसरतात, राऊंडचं शिकतात. म्हणून नव्या सहकाऱ्यांना माझी विनंती असते : एटकॉमचा तास नाही घेतलात तरी चालेल, पण राऊंड सुरू करताना पेशंटला नमस्कार करा आणि संपताना ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ म्हणा. पंचवीस मुलं बघत असतात.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत १९६९ पासून मुलं गावात जाऊन राहतात, प्रत्येक बॅचचं एक गाव असतं. आता देशभर प्रत्येक विद्यार्थ्याने काही कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्याकडे जात राहायचं, असा नियम आहे. मला यातून फार आशा वाटते. ज्या घरात तुम्ही ओट्यावर बसून चहा प्यायलात, त्या घरातल्या माणसाला ‘खाट नंबर सात’ म्हणणं जड जातं.

आम्ही डॉक्टर नाही, पण मदत करायची इच्छा आहे. काही करता येईल?

हो, आणि याची फार गरज आहे. पेशंटची भूमिका करायला आम्हाला माणसं लागतात. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात मेडिकल एज्युकेशन युनिट असतं, तिथं चौकशी करा. अभिनय यायला हवा असं नाही. एक प्रसंग समजावून देतात, दहा मिनिटं मुलाशी बोलायचं, आणि नंतर त्याला खरं सांगायचं की कसं वाटलं. कुठला आजार ओळखला याच्याशी तुमचा संबंध नाही.

आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका येतात. मधुमेहामुळे पायाचं बोट काढायला सांगितलेल्या बाईंची भूमिका त्या करतात. मागच्या महिन्यात एका मुलाने सगळं बरोबर सांगितलं : रक्तपुरवठा, जंतुसंसर्ग, धोका, पर्याय. तपासणी यादीतल्या सगळ्या चौकटींवर बरोबरची खूण झाली. नंतर बाई त्याला म्हणाल्या, ‘बाळ, सगळं नीट सांगितलंस. पण मी चालत घरी जाऊ शकेन का, हे तू मला सांगितलंच नाहीस, आणि मी तेवढीच वाट बघत होते.’ त्याने ते वहीत लिहून घेतलं आणि तो प्रसंग पुन्हा पहिल्यापासून करू का, असं त्यांना विचारलं.